मोहरबंद दप्तर

मराठवाड्यात माणसाची ओळख त्याच्या नावाने पुरी होत नाही. गाव कोणते, मामाचे गाव कोणते आणि सोयरीक कुठली, एवढे विचारून झाल्यावर मगच समोरचा माणूस कोण हे ठरते, आणि ते ठरेपर्यंत बहुधा दोघांच्या नात्यातला एखादा धागाही हाती लागतो. ज्या मुलखात एस.टी.च्या एका बाकावर बसलेले दोन अनोळखी प्रवासी लोह्यापासून अहमदपूर येईपर्यंत एकमेकांचे पाहुणे निघतात, त्या मुलखात एखाद्याने घरच्यांनाही न सांगितलेली गोष्ट फी मोजून एका तिऱ्हाइतापाशी बोलून दाखवावी आणि त्या तिऱ्हाइताने ती आमरण आपल्यापाशीच ठेवावी, हा व्यवहार दिसतो तितका साधा नाही. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत तो आता उघडपणे चालतो. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या पाट्या दिसतात. पण ऐकून घेतलेल्या त्या गोष्टींचे पुढे काय होते, त्या कोठे लिहिल्या जातात, कोणाच्या नजरेस पडतात आणि अखेर त्यांची विल्हेवाट कशी लागते, याची चौकशी करावी असे फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तेथे मनोविकारांवर उपचारही होतात. परंतु सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीपाशी आपले नाव आणि विभाग सांगावा लागतो, आणि रांगेत मागे उभा असलेला गृहस्थ आपल्याच तालुक्यातला निघण्याचा संभव मोठा. म्हणून ज्याला परवडते तो खासगी दवाखाना गाठतो, आणि ज्याला त्याहून थोडे अधिक परवडते तो लातूरकर असल्यास नांदेडला व नांदेडकर असल्यास लातूरला जातो. त्याच्याही वरचे लोक सोलापूर, हैदराबाद किंवा पुण्याचा रस्ता धरतात. जवळचा वैद्य सोडून दूरच्याकडे जाण्यामागे त्याची विद्वत्ता हे कारण क्वचितच असते. तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही, हेच पुष्कळदा त्याचे सर्वांत मोठे क्वालिफिकेशन ठरते.

ज्या समुपदेशिकेच्या खोलीत बसून मी हे सारे समजून घेतले, तिचे नाव, तिची गल्ली, इतकेच नव्हे तर दोहोंपैकी शहर कोणते, हेही मी सांगत नाही. तशी तिची अट होती आणि लेखाचा विषय पाहता ती रास्तच म्हणावी लागेल. येणारेजाणारे तिला ‘मॅडम’ म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. मॅडमनी जागा घेताना भाड्याआधी जिना पाहिला. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, मधल्या मजल्यावर एका विमा एजंटाची कचेरी आहे आणि त्यावर मॅडमची खोली. त्यामुळे जिना चढणारा मनुष्य दाढेसाठी चालला आहे, पॉलिसीसाठी चालला आहे की आणखी कशासाठी, हे रस्त्यावरून कळायला मार्ग नाही. पाटीवर नाव आणि पदवी एवढेच. दोन माणसांच्या वेळांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर मुद्दाम ठेवलेले, म्हणजे जाणारा आणि येणारा समोरासमोर येऊ नयेत. आणि नावे पुकारणारा कंपाउंडर नाहीच, कारण दवाखान्यातली बातमी बाहेर जाते ती पुष्कळदा डॉक्टरांच्या तोंडून नव्हे, तर बाहेरच्या टेबलावरून. घरमालकाने जिन्यात कॅमेरा बसवला, तेव्हा तो दाराकडून वळवून रस्त्याकडे करून घेण्यासाठी मॅडमना तीन महिने भाडे आगाऊ द्यावे लागले. हा खर्च कोणत्याही हिशेबात गोपनीयतेच्या सदरी मांडलेला नसतो.

त्यांच्या वह्या दोन आहेत. पहिलीत नाव, गाव, मोबाइल, अडीअडचणीला कोणाला कळवायचे त्याचा नंबर आणि या सर्वांपुढे एक क्रमांक. दुसरीत फक्त तो क्रमांक आणि भेटीची नोंद. पहिली वही घरच्या कपाटात असते, दुसरी दवाखान्यातल्या, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात कधी नसतात, म्हणजे एक वही चोरीस गेली तरी दुसरीवाचून ती बहुतांशी निरुपयोगी. अनुमती घेऊन, आणि ज्याच्याबद्दलची ती होती त्याचा सुगावाही लागणार नाही अशी जुनी निवडून, एक नोंद मॅडमनी मला दाखवली. वर तारीख, खाली चारच ओळी: झोप चार तास, परीक्षेचा विषय टाळतो, मागच्या वेळेपेक्षा बोलका, पुढची भेट गुरुवारी. समासात लाल शाईचा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे घरच्या नंबरवर फोन करायचा नाही. तासभर चाललेल्या संभाषणातून कागदावर उतरले ते एवढेच, आणि उरलेले सर्व, म्हणजे ज्यासाठी तो मुलगा आला होता तेच, मुद्दाम लिहिलेले नाही.

हे न लिहिणे ही या व्यवसायातली खरी कारागिरी आहे असे माझे मत झाले, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. नोंद फार त्रोटक असेल तर सहा महिन्यांनी परत आलेल्या माणसाचा धागा तुटतो; मॅडम आजारी पडल्या आणि त्याला दुसऱ्याकडे पाठवावे लागले, तर त्याला सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि काही कहाण्या दोनदा सांगण्यासारख्या नसतात. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ अन्वये रुग्णाला आपले वैद्यकीय अभिलेख पाहण्याचा हक्क आहे. ज्यात काहीच लिहिले नाही असे दप्तर त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे हक्काची चेष्टाच. तेव्हा किती लिहावे याचा निर्णय रोज, प्रत्येक माणसागणिक, नव्याने करावा लागतो. जे लिहिले आहे ते उद्या त्या माणसाने स्वतः वाचले तर त्याला अपमानास्पद वाटेल काय, आणि त्याच्या सासऱ्याने वाचले तर काय होईल, हे दोन प्रश्न पेन उचलण्यापूर्वी मॅडम मनाशी विचारतात. या भागात दुसरा प्रश्न केवळ काल्पनिक नाही.

कारण लग्न ठरण्याच्या हंगामात खरोखरीच फोन येतात. मुलाकडची किंवा मुलीकडची चौकशी करणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते, आणि जो चौकशी करतो तो आपण काही अनुचित करीत आहोत असे समजत नाही. “मॅडम, आमच्या पाहुण्याची पोरगी तुमच्याकडं यायली म्हणं. काई नाई, फकस्त चांगली हाय ना, एवढंच सांगा की,” अशा धर्तीचा तो फोन असतो, आणि बोलणाऱ्याचा स्वर बहुधा अदबीचा असतो. येथे अनुभव नसलेला मनुष्य फसतो. ती मुलगी खरोखरच कधी आलेली नसेल, तर “छे, माझ्याकडे असे कोणी येत नाही” असे सांगून तिचे भले करावेसे त्याला वाटते. पण आज एकीबद्दल नाही म्हटले की उद्या दुसरीबद्दल गप्प राहणे हाच होकार होतो. म्हणून मॅडमचे उत्तर एकच आहे आणि ते आलेल्या, न आलेल्या, आणि ज्यांचे नावही ऐकले नाही अशा सर्वांबद्दल शब्दशः सारखेच असते: माझ्याकडे कोण येते आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. या उत्तराने त्यांना शिष्ट, माजोरी अशी विशेषणे मिळाली आहेत आणि नात्यातल्या दोन घरांशी बोलणेही थांबले आहे.

वैद्याने रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, हा दंडक काही विलायतेहून आलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दीक्षा देताना गुरू जे नियम सांगतो त्यांत हा एक आहे. आपल्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य अधिनियमाने कलम २३ मध्ये मनोरुग्णाच्या माहितीला गोपनीयतेचा हक्क दिला. अपवादही तेथेच दिले आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचारात सहभागी असलेले इतर वैद्यक व्यावसायिक, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवाला धोका, न्यायालयाचा अगर अन्य वैधानिक अधिकाऱ्याचा हुकूम, आणि सार्वजनिक सुरक्षितता, आणि दुसऱ्याच्या संरक्षणासाठी सांगायचे तेव्हाही गरजेपुरतेच सांगावे असे बंधन आहे. कलम २४ प्रसारमाध्यमांना अशी माहिती संमतीवाचून देण्यास मनाई करते. २०२० साली अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर उपचार केलेल्या एका चिकित्सिकेचे निवेदन प्रसिद्ध झाले, तेव्हा हेतू अपप्रचार थांबवण्याचा असला तरी गेलेल्या माणसाचे गुपित कोणाच्या मालकीचे, हा वाद मुंबईत बराच रंगला होता. मला विचाराल तर मरणाने कुलूप उघडत नाही.

लातूरचा प्रश्न मात्र जिवंत माणसांचा, आणि त्यातही अल्पवयीनांचा आहे. उद्योग भवनाच्या आसपासचा भाग सारे शहर ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखते. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीच्या लौकिकापोटी परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव आणि खुद्द नांदेडहून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले तेथे वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतात, आणि गावाकडे बाप त्यासाठी जमिनीवर कर्ज काढून बसलेला असतो. असा बाप मुलाला समुपदेशकाकडे आणतो, फी देतो, बाहेर थांबतो आणि मुलगा निघाला की आत येऊन विचारतो, “काय म्हणायलाय पोरगं?” त्याला उडवून लावणे कायद्यानेही सोपे नाही, अल्पवयीनाचा पालक हाच २०१७ च्या अधिनियमाप्रमाणे त्याचा प्रतिनिधी. आणि माणुसकीच्या दृष्टीनेही ते बरे नव्हे, कारण त्या बापाची झोपही तितकीच उडालेली असते.

यावर समुपदेशक तोडगा असा काढतात की पहिल्याच दिवशी बाप आणि मुलगा या दोघांना समोरासमोर बसवून करार करायचा. जिवाला धोका वाटला तर मी आईवडिलांना कळवीन. कोणी लैंगिक अत्याचार केला असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मला पोलिसांना कळवावेच लागेल आणि तेथे माझी इच्छा चालत नाही. बाकी काहीही, म्हणजे मैत्री, मोबाइल, सिगारेट, आणि ‘मला डॉक्टर व्हायचेच नाही’ हे वाक्यसुद्धा, मी तुम्हाला सांगणार नाही, त्याला वाटले तर तोच सांगेल. शेवटच्या वाक्यापाशी पुष्कळ बापांचा चेहरा उतरतो. काही जण उठूनही जातात. पण जे बसून राहतात त्यांची मुले पुढे बोलू लागतात.

आता यात तिसरा पक्ष आला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक नेमावा, आणि झालेल्या कामाच्या नोंदी नावे वगळून ठेवाव्यात, असे त्यांत आहे, आणि हे निर्देश खासगी क्लासनाही लागू आहेत. हेतू स्तुत्य, यात शंका नाही. परंतु ज्या समुपदेशकाचा पगार क्लासचा मालक देतो, त्याने ऐकलेली गोष्ट कोणाची? नापासाची धास्ती घेतलेली मुले कोण, हे कळले तर निकालाच्या जाहिरातीकडे डोळा असलेल्या मालकाला ते हवेच असते. आणि नावे वगळणे ही गोष्ट मोठ्या शहरात चालते. एका तुकडीत ‘हिंगोलीकडची, एकुलती एक, बायोलॉजीत मागे पडलेली’ एवढे लिहिले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. लहान जागी नाव झाकून माणूस झाकला जात नाही, हे अहवालाचे नमुने तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मोबाइलने तर जुन्या कुलपांची सारी मातब्बरी घालवली. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आलेला निरोप शेजारी झोपलेल्या नवऱ्याला बंद पडद्यावरही दिसतो. फी यूपीआयने भरली की बापाच्या किंवा सासऱ्याच्या खात्याच्या उताऱ्यात दवाखान्याचे नाव उमटते. जुना फोन दुरुस्तीला टाकला की दुकानदाराच्या हाती फोटो आणि निरोप दोन्ही जातात. मॅडमनी यूपीआयचे खाते नुसत्या स्वतःच्या नावाने घेतले, पुढे ‘कौन्सेलिंग’ वगैरे शेपूट न लावता. निरोप फक्त वेळ ठरवण्यापुरता. वेदना लिहून पाठवायच्या नाहीत, असे त्या प्रत्येकाला बजावतात, आणि तरी लोक लिहितातच, कारण रात्री साडेअकराला दुसरे कोणी जागे नसते. नव्या पिढीतले काही जण संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याचे टिपण यंत्राकडून लिहवून घेतात असे कळले. सोय आहे खरी. तो आवाज कोणत्या देशातल्या कोणत्या यंत्रात जाऊन पडतो, हे विचारल्यावर मला मिळालेली उत्तरे समाधानकारक नव्हती.

अशा ठेवीचे काय होऊ शकते याचा दाखला फिनलंडमध्ये घडला. वास्तामो नावाच्या खासगी मानसोपचार संस्थेचे दप्तर पुरेशा बंदोबस्ताशिवाय संगणकावर ठेवलेले होते; ते चोरीस गेले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते उघडकीस आले तेव्हा सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी चोराच्या हाती होत्या. त्याने आधी संस्थेकडे खंडणी मागितली, आणि ती मिळेना तेव्हा एकेका रुग्णाला पत्र पाठवून २०० युरोंची मागणी केली. काहींच्या नोंदी त्याने प्रसिद्धही केल्या. संस्था २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. एप्रिल २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पैसे दिले तरी सुटका नव्हती, कारण लुटलेला सोन्याचा दागिना परत येतो, फुटलेली गोष्ट येत नाही.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यांतली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यायची आहेत. कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. संमती मागण्याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा पर्याय माणसाला आहे, म्हणजे मराठीतही. आजवर इंग्रजी छापील फॉर्मवर सही करून घेण्याचा जो प्रघात होता त्याला हा चांगला तडाखा आहे. परंतु हा कायदा अंकीय स्वरूपातल्या, किंवा कागदावरून यंत्रात उतरवलेल्या माहितीपुरताच आहे. मॅडमच्या दोन वह्या, आणि या भागातल्या दवाखान्यांतली अशी बहुतेक दप्तरे, त्याच्या हद्दीबाहेर राहतात. त्याच वहीचे एक पान फोनवर टिपून घेतले की ते पान हद्दीत येते.

दुसरी फट व्यावसायिकाच्या व्याख्येत आहे. मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची. समुपदेशकाला मात्र तशी सनद आजवर लागली नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्यांना नोंदवहीत आणण्याची तरतूद केली आहे, पण ती नोंदवही जिल्ह्यापर्यंत पोचेपर्यंत ज्याने तीन महिन्यांचा कोर्स केला तोही पाटी लावून बसू शकतो, आणि त्याने गुपित फोडले तर त्याची सनद काढून घ्यायला सनदच नाही. न्यायालयातही तीच विषमता. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने झाकली होती आणि २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने ती अजूनही झाकलेली आहे. समुपदेशकाला सांगितलेल्या गोष्टीला तसे संरक्षण नाही. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलाने वही मागवली आणि कोर्टाने हुकूम केला, तर ती हजर करावी लागते. म्हणून लाल ठिपका, चार ओळी आणि बाकी मौन.

राहता राहिली विल्हेवाट. डॉक्टरांना दाखल रुग्णांचे अभिलेख तीन वर्षे जपण्याचा २००२ चा नियम आहे. समुपदेशकाला तो लागू नाही, पण मॅडमनी तोच धरून त्यात आणखी दोन वर्षे आपल्या मनाने घातली आहेत. मुदत संपलेल्या वह्या त्या रद्दीत देत नाहीत आणि जाळतही नाहीत, कारण अर्धवट जळलेली पाने वाऱ्यावर शेजारच्या अंगणात जातात. धुण्याच्या बादलीत रात्रभर भिजत घालून त्यांचा लगदा करतात. अचानक मरण आले तर काय, याचाही बंदोबस्त त्यांनी केला आहे. वारसांच्या हाती वह्या पडू नयेत, म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका समव्यवसायी बाईंशी त्यांचा लेखी ठराव आहे: जी मागे राहील तिने जाऊन दोन्ही कपाटे उघडायची, ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना कळवायचे आणि बाकीचे नष्ट करायचे. जादा किल्ल्या आणि यादी एका मोहरबंद लखोट्यात ठेवलेल्या आहेत. लखोट्यावर काय लिहावे यावर मात्र दोघींचे अद्याप जमलेले नाही. एकीचे म्हणणे वर ठळक अक्षरांत ‘खासगी’ लिहावे, आणि दुसरीचे म्हणणे, आपल्या घरांत असे लिहिलेले पाकीटच सर्वांत आधी उघडतात, तेव्हा त्यावर ‘वीजबिले’ लिहावे हे उत्तम.